उजव्या हाताला थांबायला लावल्याबद्दल

ती. काका,
सा. न.

तुम्ही पुण्याला जाऊन पाच महिने झाले. फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "ते राहू दे, वाड्यात पाणी किती वाजता येतं आता?" असं विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. माझ्यासारखे बरेच असतील: जिममध्ये वजनाचा बार उचलताना एका बाजूला कलतो, आरशात एक छाती भरलेली आणि दुसरी उसनी आणल्यासारखी दिसते, आणि म्हणून सैल टी-शर्ट घालून कोपऱ्यात व्यायाम करतात. त्यांनाही कळू दे, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या, लेथवर लोखंड कातणाऱ्या एका निवृत्त टर्नरने काय केलं ते.

आपली पहिली भेट आठवते? तुम्ही गुडघ्यांसाठी सकाळी जिममध्ये यायचात, सायकल मारून गुपचूप निघून जायचात. मी ६० किलोवर बेंच प्रेस करत होतो, म्हणजे बाकावर पाठ टेकून छातीवरचा बार वर ढकलत होतो. बार वर जाताना डावं टोक वीतभर मागे राहायचं, मग कमरेला पीळ देऊन मी ते कसंबसं वर न्यायचो. तिथला ट्रेनर म्हणायचा, डाव्याचे दोन सेट जास्त मार आणि पावडरचा डबा घे. डबा घेतला. डावा होता तिथेच राहिला, उजवा मात्र फुगला.

त्या दिवशी बार रॅकवर ठेवला आणि तुम्ही म्हणालात, "भाऊ, तुझा जॉब सेंटरला नाही."

मी म्हणालो, "नोकरी बरी चाललीये काका."

तुम्ही हसलात तसे नंतर कधी हसलेले पाहिले नाहीत. मग समजावलंत. लेथवर कातायला लावलेला तुकडा म्हणजे जॉब. तो धरणाऱ्या थ्री-जॉ चकची तिन्ही बोटं एकदम आवळली जातात. वाकडातिकडा जॉब त्यात धरला की तो वाकडाच फिरतो. अशा जॉबला फोर-जॉ लागतो, प्रत्येक बोट वेगळं आवळायचं, मापाची डायल लावून बघायचं, पुन्हा आवळायचं. "बार म्हणजे तुझा थ्री-जॉ," तुम्ही म्हणालात. "दोन्ही हात एकाच लोखंडाला बांधलेले. डावा कमी पडला की उजवा भरून काढतो, आणि तुला वाटतं दोघांनी उचललं."

खरं सांगतो, कितीतरी व्हिडिओ बघून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते या एका वाक्याने शिरलं.

लगेच डंबेल हातात द्याल असं वाटलं होतं, पण तुम्ही आधी चौकशी मांडलीत. हात कधी मोडला होता का? हो, चौदाव्या वर्षी, उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी. कापलेला पतंग धरायला मी शेजारच्या धाब्याच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्यावर चढलो आणि तिथून खाली, डाव्या कोपरावर. सहा आठवडे प्लास्टर. काढलं तेव्हा हात काकडीसारखा दिसत होता, आणि दोन दिवसांत घरचे सगळे ते विसरूनही गेले, कारण मी लिहायचो उजव्याने. करंगळीत मुंग्या येतात का, हातातून वस्तू सुटते का, अलीकडे हात अचानक बारीक झालाय का, असं तुम्ही एकेक विचारलंत. मधून मधून मुंग्या येतात म्हणताच तुम्ही व्यायाम थांबवायला लावलात.

तुमच्या वडिलांनी बडोद्याचे व्यायामगुरू प्रोफेसर माणिकराव यांना पाहिलेलं, जुम्मादादा व्यायाम मंदिरात तुम्ही स्वतः मल्लखांब केलेला. माणिकराव हाडं बसवण्यातही नावाजलेले, हे आपल्या गल्लीत पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्यामुळे मला वाटलं, आता काका हात धरून एक झटका देणार. तुम्ही म्हणालात, "मी टर्नर आहे, वैद्य नाही. कोपराच्या मागून नस जाते. ती दाबली गेली असेल तर डंबेलने बरं होणार नाही. आधी हाडाच्या डॉक्टरला दाखव." दाखवलं. नस ठीक होती, झोपताना मी कोपर फार मुडपून घेतो म्हणून मुंग्या. स्नायूचं म्हणाल तर वर्षानुवर्षं कुणी कामाला लावलाच नव्हता, एवढंच.

मग तुम्ही टेप काढलीत, शिंप्याची, पिवळी, एक टोक फाटलेली. खांद्याच्या हाडापासून कोपरापर्यंत मोजून बरोबर मधे पेनाने खूण, हात सैल सोडायचा, टेप टेकवायची, आवळायची नाही. उजवा दंड ३४.५ सेंटीमीटर, डावा ३२. आकडे तुम्ही कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेत आणि म्हणालात, थोडा फरक सगळ्यांतच असतो, शून्यावर आणायच्या नादी लागू नकोस. बारवर माझे हातही सारखे नव्हते. खडबडीत भागात जे गुळगुळीत वळं असतं त्यावर उजव्याची करंगळी होती आणि डाव्याची अनामिका. म्हणजे इतके दिवस मी बार मधोमध धरतच नव्हतो. तीन महिने बार बंद, तुम्ही जाहीर केलंत.

नियम दोनच होते. आधी डावा. आणि डावा जिथे थांबेल तिथे उजवा थांबेल.

ऐकायला सोपं वाटतं. १० किलोचं डंबेल डाव्याने छातीवरून आठ वेळा जायचं, आठव्याला कोपर थरथरायचं. मग उजवीकडे घ्यायचं. उजवा आठ वेळा मारून ताजातवाना, अजून सहा सहज निघतील, आणि तुम्ही बाजूला उभं राहून म्हणणार, "बस." शेजारी कॉलेजची पोरं २० किलोची डंबेल आपटतायत. वजन वाढवायचं तेही डाव्याला विचारून. रोइंग, म्हणजे वाकून वजन वर ओढणं, तेही एकेका हाताने, खांद्याचा प्रेसही. रोइंगच्या वेळी तुम्ही माझ्या डाव्या खवाट्यावर दोन बोटं ठेवायचात: "हात विसर. इथून ओढ." पहिले काही दिवस तिथे काही हलतच नव्हतं. मग एका सकाळी तुमच्या बोटांखाली काहीतरी सरकलं, ते तुम्हाला माझ्याआधी कळलं.

आणि तुमच्या घरची मुग्दलांची, त्या जड लाकडी गदांची जोडी! दोन्ही सारख्या वजनाची, पण एकेकटी फिरणारी. उजवं डोक्यामागून सुरेख वळून यायचं, डावं माझ्या कानावर आदळायचं. काकू आतून ओरडायच्या, फरशी जपा म्हणून. कानाचं कुणाला पडलं नव्हतं. पण जिथे दुबळा हात लपूच शकत नाही असं साधन आखाड्यांनी कधीच करून ठेवलंय, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आपण बडोदेकर पाहुणे आले की म्युझियममधला गामा पहिलवानाचा दगड दाखवतो, त्याचं १२०० किलो वजन छाती काढून सांगतो. मुग्दलाचं कुणी सांगत नाही.

आता कबुली. दुसऱ्या महिन्यात मी चोरी केली. तुम्ही गेल्यावर संध्याकाळी पुन्हा जिममध्ये जाऊन उजव्याचे राहिलेले सेट मारायचो. भीती होती, डाव्याची वाट बघता बघता उजवाही आटेल. महिनाअखेरीला तुम्ही टेप लावलीत. डावा ३२.३, उजवा ३४.९. कॅलेंडरवर लिहिलंत, पेनाचं टोपण लावलंत आणि म्हणालात, "उजवा वाढला. अभिनंदन." बाकी एक शब्द नाही. ती सकाळ मला अजून टोचते. दोन दिवसांनी तुम्हीच विषय काढलात: मिळवलेला स्नायू राखायला तो कमावण्याच्या मानाने फार थोडं काम पुरतं, उजवा कुठे जात नाही. झालंही तसंच.

त्याच सुमारास एक वाचलं होतं, ते तुम्हाला सांगायचं राहिलं. अमेरिकेत येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी १८९४ साली दाखवलं होतं की एका हाताला सराव दिला की ज्याने काहीच केलं नाही त्या दुसऱ्या हाताचीही ताकद थोडीफार वाढते. स्नायू न वाढताही मेंदू आणि नसा शिकतात. म्हणून हल्ली एक हात प्लास्टरमध्ये असला तरी चांगल्या हाताचा व्यायाम चालू ठेवायला सांगतात. चौदाव्या वर्षी मला कुणीतरी हे सांगायला हवं होतं. मी ते सहा आठवडे पलंगावर कॅरम मांडून बसलो होतो.

चौथ्या महिन्यात बार परत मिळाला, ४० किलोवर. पायांच्या बाजूने मोबाइल लावून तुम्ही शूटिंग केलंत, त्यात अर्धं तुमचं बोट आहे. पण उरलेल्या अर्ध्यात बार सरळ वर जाताना दिसतो. तो व्हिडिओ मी पुसलेला नाही. दहाव्या महिन्यात डावा ३३.६ आणि उजवा ३४.७, बेंच ६५ किलोवर आणि पीळ न देता. फरक उरलाच आहे. शर्टाची डावी बाही अजून किंचित सैल पडते, आणि ते मलाच दिसतं.

या उत्तरायणाला तुम्ही नव्हता. धाब्यावर दुपारभर मांजा ओढला, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही दंड सारखेच दुखत होते. बायकोला वाटलं मी तक्रार करतोय.

कॅलेंडरचं ते पान माझ्याकडे आहे. टेप तुम्ही इथेच विसरलात असं काकू म्हणाल्या, पण ती माझ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात सापडली, नीट गुंडाळून रबर लावलेली. तुम्ही विसरून ठेवलेल्या वस्तूला रबर नसतं, काका. मुग्दलांना तेल लावून ठेवलंय. दिवाळीत याल तेव्हा मोजून घेऊ, तोवर पुढचा रकाना रिकामा ठेवतो.

काकूंना नमस्कार, नातीला आशीर्वाद.

तुमचा,
वाड्यातला वरच्या मजल्यावरचा

ता. क. पाणी आता सकाळी साडेसहाला येतं, तासभर.