तक्रार: तिकिटावर सासरचं आडनाव, पासपोर्टवर माहेरचं

दिनांक: 18 नोव्हेंबर 2024

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(नाव आणि हुद्दा तुमच्या तिकीट बुकिंगच्या अ‍ॅपवर द्यायचा असतो, तो तुम्ही दिलेला नाही, नुसता एक ईमेल आहे, म्हणून त्यावरच पाठवतेय)

विषय: 20 सप्टेंबरला काढलेलं मुंबई ते फ्रँकफर्ट वन-वे तिकीट, नाव दुरुस्त करून न देणं, अर्धवट रिफंड आणि तोही वॉलेटमधे

नमस्कार,

हा माझा तुम्हाला सातवा मेल. आधीचे सहा इंग्रजीत होते आणि सहाही वेळा "वी अंडरस्टँड युअर कन्सर्न" एवढंच आलं, म्हणून या वेळी मराठीत लिहितेय, निदान वाचायला एखादा माणूस तरी बसवावा लागेल.

माझं लग्न डिसेंबर 2023 मधे झालं. नवरा जर्मनीत नोकरीला, तो सुट्टी संपली तसा परत गेला आणि मी सांगलीत आईबाबांकडे राहून जर्मनची ए-वन, म्हणजे पहिल्या पातळीची, परीक्षा दिली, मग फेब्रुवारीत मुंबईला जाऊन व्हिसाची फाइल दिली आणि मग फक्त वाट बघितली. पासपोर्ट हातात आला 18 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. व्हिसावर कधीपासून कधीपर्यंत ते छापलेलं असतं, त्या मुदतीत तिकडे पोचायचं आणि मग तिथलं रेसिडेन्स परमिट करायचं, शिवाय दिवाळीच्या तोंडावर तिकिटं रोज वर चाललेली, त्यामुळे घाई होती. आई म्हणाली पितृपक्षात तिकीट काढू नको, घटस्थापना होऊ दे. बाबा म्हणाले स्टँडसमोरच्या एजंटकडून काढ, काही झालं तर त्याच्या दारात जाऊन बसता येतं. मी दोघांचंही ऐकलं नाही आणि तुमच्या अ‍ॅपवरून काढलं. गेले दोन महिने हे दोघं मला काय ऐकवतायत ते तुम्हाला सांगून उपयोग नाही, पण बाबांचा मुद्दा मला आता पटलाय.

तिकीट 14 ऑक्टोबरचं, म्हणजे दसरा झाल्यावर सोमवारी पहाटेचं, एक थांबा, 23-23 किलोच्या दोन बॅगा. भाडं 49,270, त्यावर तुमची कन्व्हीनियन्स फी 600, आणि 1,499 "फ्री कॅन्सलेशन"चे, ज्यावर टिक आधीच केलेली होती आणि ती मला पैसे भरून झाल्यावर दिसली. एकूण 51,369 रुपये माझ्या कार्डवरून गेले.

आता नावाचं. अकाउंट नवऱ्याचं होतं, त्यात त्याने "सेव्ह्ड ट्रॅव्हलर" म्हणून मला त्याच्या आडनावाने कधीतरी हौसेने टाकून ठेवलेलं होतं. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाने आहे, व्हिसाही त्याच नावाने, लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा काही कायदा नाही आणि मला बदलायचंही नव्हतं. मी लिस्टमधून स्वतःला सिलेक्ट केलं आणि पुढे गेले. नीट बघायला हवं होतं, ही माझी चूक, ती मी पहिल्या फोनपासून कबूल करतेय. पण त्याच्या पुढच्याच स्क्रीनवर तुम्ही माझ्याकडून पासपोर्टचा फोटो अपलोड करून घेतला. त्यातून पासपोर्ट नंबर बरोबर उचलला, जन्मतारीख बरोबर उचलली, एक्सपायरी डेट बरोबर उचलली, आणि त्याच पानावर सगळ्यात वर ठळक अक्षरात छापलेलं आडनाव तेवढं उचललं नाही. दोन नावं जुळत नाहीत अशी एक ओळ तिथे आली असती तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

चूक सापडली बाबांना. रात्री 9.46 ला कन्फर्मेशन आलं, मी फोन त्यांच्या हातात दिला, ते चष्मा लावून बातम्या वाचतात तसं मोठ्याने वाचायला लागले, तारीख, वेळ, टर्मिनल 2, सीट, आणि मग नावापाशी थांबले. तिकिटावर आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग माझं आणि बाबांचं नाव सलग चिकटवलेलं आणि शेवटी एमआरएस असं येतं. "हे कोण?" म्हणाले. मग जरा वेळाने, "बदललंस होय, मला सांगितलं नाहीस." त्या दिवशी सकाळपासून ते तसेही गप्प गप्पच होते. मी त्यांना सांगत बसले की नाही हो बाबा, हे अ‍ॅपने टाकलंय, आणि एकीकडे तुमचा कस्टमर केअर नंबर शोधत होते.

10.31 ला फोन लावला, म्हणजे बुकिंगनंतर तासाच्या आत. सत्तावीस मिनिटं म्युझिक ऐकलं. मग जो मुलगा आला त्याने सगळं ऐकून विचारलं, "मॅम, ये बीच में जो जेन्ट्स का नाम है वो हजबंड का है?" मी म्हटलं वडिलांचं, आमच्याकडे मधे वडिलांचं नाव लावतात. तर म्हणाला, फिर वो लास्ट नेम कर दें क्या? म्हणजे एक चूक सुधारता सुधारता दुसरी करायला निघालेला. शेवटी स्पेलिंग एकेक अक्षर सांगून त्याने रिक्वेस्ट टाकली, 24 ते 48 तासात होईल म्हणाला, रिक्वेस्ट नंबर एसएमएसने आला, तो सोबत जोडलाय. मी त्याला दोनदा विचारलं की मी आत्ताच कॅन्सल करून नवीन काढू का, तो दोन्ही वेळा म्हणाला गरज नाही मॅम, हो जायेगा. कॉल रेकॉर्ड होतोय असं तुमचीच टेप सांगत असते, तेव्हा ते रेकॉर्डिंग काढून ऐका.

शनिवार गेला, रविवारी चॅटबॉटशी बोलले, त्याने मला तीन वेळा रिटर्न तिकीट हवंय का विचारलं. सोमवारी 23 तारखेला तुमचा मेल आला: एअरलाइनने रिक्वेस्ट नाकारली, लास्ट नेम पूर्ण बदलता येत नाही, तीन अक्षरांपर्यंतच करेक्शन होतं, कॅन्सल करून नवीन काढा.

मंगळवारी मी एअरलाइनला फोन केला. त्यांच्या बाईंनी पीएनआर टाकून बघितलं आणि म्हणाल्या की या बुकिंगवर नावाबद्दल कुणाचीही, कसलीही रिक्वेस्ट आलेली नाही. नोंदच नाही. म्हटलं मग आता करा. तर तिकीट एजंटचं आहे, आम्ही हात लावू शकत नाही, एजंटने मॅरेज सर्टिफिकेट आणि पासपोर्टची कॉपी जोडून पाठवलं तर बघू. म्हणजे लग्नामुळे आडनाव वेगळं असेल तर त्यांच्याकडे सोय होती! मी लगेच दोन्ही कागद तुम्हाला मेल केले. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर नवऱ्याचं नावसुद्धा आहे, तेही पान पाठवलं. बुधवारी तुमचं उत्तर, एअरलाइनने आधीच नाकारलंय. गुरुवारी परत एअरलाइन, अजून काही आलेलं नाही. इकडून तिकडे टोलवाटोलवी आणि मधे मी.

माझी मुख्य तक्रार ही आहे, बाकी सगळं त्याच्या मागोमाग. तुम्ही एअरलाइनला 20 ते 23 सप्टेंबरच्या दरम्यान खरंच काही पाठवलं असेल तर तो मेल किंवा सिस्टिममधली नोंद मला दाखवा. सहा मेलमधे मी फक्त हेच मागितलंय, आणि एकाही उत्तरात त्याचा उल्लेख नाही.

तुमच्या चौथ्या मेलमधे लिहिलंय की 24 तासात नाव फुकट दुरुस्त करायचा डीजीसीएचा (विमान वाहतूक महासंचालनालयाचा) नियम एअरलाइनच्या स्वतःच्या वेबसाइटवरून काढलेल्या तिकिटालाच आहे. बरोबर आहे, 2019 च्या पॅसेंजर चार्टरमधे तसंच आहे, मी वाचलं. पण मग हे तिकीट काढताना सांगा ना, की आमच्याकडून घेतलंत तर ही सवलत जाते. तिथे तुम्ही "बेस्ट प्राइस" लिहिता. आणि मी फुकट कुठे मागत होते, चार्ज काय असेल तो घ्या असं पहिल्याच फोनवर म्हटलं होतं.

शुक्रवारी 27 तारखेला मी हरले. वेगळ्या आडनावाने बोर्डिंग नाकारलं तर ऑफिसात जाऊन समजावू असं नवरा म्हणत होता, पण पहाटे काउंटरवर ती रिस्क घ्यायची माझी तयारी नव्हती, म्हणून एअरलाइनच्या साइटवरून त्याच फ्लाइटचं तिकीट 66,310 ला काढलं आणि तुमचं कॅन्सल केलं. त्या भाड्यात एकच बॅग होती, दुसरी बॅग घालायची तर आणखी पैसे, ते मी दिले नाहीत. त्यामुळे आठ दिवस हॉलमधे जे भरून झालं होतं ते सगळं परत उपसलं. बाथरूममधल्या वजनकाट्यावर बाबा आधी नुसते उभे राहायचे, मग बॅग उचलून उभे राहायचे, आणि आई वहीत वजाबाकी करायची. तूप तसंही युरोपात नेता येत नाही आणि सुकं खोबरं चेक-इनमधे चालत नाही हे माहीत होतं, पण पुरणयंत्र, सोऱ्या, आजीची पितळी परात, दोन रजया, माझी निम्मी पुस्तकं हे सगळं मागे राहिलं. गोडा मसाला आणि सोऱ्याची एक चकती तेवढी आली, चकती का आणली ते मलाही माहीत नाही. पुण्यामुंबईला वीकेंडला जाणाऱ्याला एक बॅग कमी पडली तर चालतं हो, घर हलवणाऱ्याला नाही चालत.

आता रिफंडचा हिशोब. भाड्याच्या 49,270 पैकी बेस फेअर आणि फ्युएल सरचार्ज मिळून 43,150 आणि टॅक्स वगैरे 6,120, हे तुमच्याच इनव्हॉइसवर आहे. एअरलाइनचा कॅन्सलेशन चार्ज 38,500 आणि तुमचा 1,200. उरायला हवेत 9,570. मला आले 3,450. म्हणजे टॅक्सचे 6,120 पूर्ण गिळले. प्रवासच केला नाही तर टॅक्स आणि एअरपोर्टच्या फिया परत द्यायच्या असतात, बेस फेअर नॉन-रिफंडेबल असलं तरी, हे डीजीसीएच्या रिफंडच्या नियमांत स्पष्ट आहे. आणि जे 3,450 आले ते कार्डवर नाही, तुमच्या वॉलेटमधे, 180 दिवसांची मुदत घालून. पैसे क्रेडिट म्हणून ठेवायचे की परत घ्यायचे हे प्रवाशाने ठरवायचं असतं, तेही त्याच नियमांत आहे. मला कुणी विचारलं? मी जर्मनीत बसून त्या वॉलेटचं काय करू, सांगली पुणे शिवशाहीचं तिकीट काढू?

"फ्री कॅन्सलेशन"चं विचारलं तर म्हणे ते डॉक्टरांचं सर्टिफिकेट असेल तरच. मग त्याला फ्री कॅन्सलेशन म्हणू नका, आजारपणाचा विमा म्हणा. आणि न विचारता टिक करून गळ्यात मारणं याला सरकारने नोव्हेंबर 2023 च्या डार्क पॅटर्नच्या (म्हणजे ग्राहकाला फसवायच्या स्क्रीनवरच्या युक्त्यांच्या) गाइडलाइन्समधे नाव देऊन बंदी घातलीये, स्क्रीनशॉट जोडलाय.

मला हवंय ते असं. टॅक्सचे 6,120 आणि वॉलेटमधले 3,450 मूळ कार्डवर जमा करा. 1,499 आणि तुमची स्वतःची 1,200 ची फी परत करा. वरचा तो पुरावा दाखवा, आणि तो नसेल, म्हणजे रिक्वेस्ट पाठवलीच नसेल, तर एअरलाइनने कापलेले 38,500 आणि नव्या तिकिटाच्या फरकाचे 17,040 तुम्ही द्यायचे. या फरकावरून आमच्या घरात दोन मतं आहेत, नवरा म्हणतो सोडून दे, आडनाव त्याने टाकलेलं असल्यामुळे त्याला तसंही फार बोलता येत नाही. मी सोडणार नाहीये.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासात आणि निकाल एक महिन्यात द्यायचा असतो. माझी पहिली लेखी तक्रार 24 सप्टेंबरची, तो महिना कधीच उलटून गेला. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. या पत्राला 15 दिवसांत नीट उत्तर आलं नाही तर बाबा माझ्या अधिकारपत्रावर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकतील, 5 लाखांपर्यंत फी लागत नाही आणि ते रिटायर्ड आहेत, त्यांना वेळच वेळ आहे. फाइल त्यांनी आधीच केलीये, वर लाल पेनने तुमच्या कंपनीचं नाव लिहून.

सोबत: ई-तिकीट, इनव्हॉइस, रिक्वेस्ट नंबरचा एसएमएस, पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, मॅरेज सर्टिफिकेट, आधीचे सहा मेल, स्क्रीनशॉट.

तुमची ग्राहक
(नाव पासपोर्टवर आहे तेच लिहा)

ता.क. फोन करायचा तर भारतीय वेळेप्रमाणे दुपारी दीडनंतर करा. 27 ऑक्टोबरला इथली घड्याळं मागे गेली, आता साडेचार तासांचा फरक आहे. गेल्या आठवड्यात तुमच्याकडच्या मॅडमनी सकाळी दहाला फोन केला, इथे पहाटेचे साडेपाच वाजले होते, आणि माझ्या तक्रारीसाठी असेल म्हणून मी धडपडत उठून घेतला तर त्या विचारत होत्या, आमच्या सर्व्हिसला पाचपैकी किती स्टार द्याल.