वादकांची नावे रेकॉर्डिंगच्या दिवशीच लिहा

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला सोल या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीतावरचा लेख वाचला. गायक सगळे आले, वाजवणारा एकही नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन या तबकड्या काढणाऱ्या कंपनीची साठच्या दशकातली बहुतेक गाणी एकाच संचाने वाजवली, 'फंक ब्रदर्स'ने. त्यांना ठरावीक मोबदला मिळे, विक्रीतला वाटा नाही. तबकडीवर नावेही नसत. ती ठळकपणे आली १९७१ साली, गायक मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमवर. पुढच्याच वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला गेली आणि बहुतेक वादक मागे राहिले.

त्यांतला बासवादक, म्हणजे खर्जातली बास गिटार वाजवणारा, जेम्स जेमरसन. १९६२ची फेंडर प्रिसिजन बास गिटार, जाड फ्लॅटवाउंड (वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा, तुटल्याशिवाय न बदललेल्या. तारा फळीपासून उंच, ब्रिजच्या (तारा टेकतात त्या घोडीच्या) झाकणाखाली स्पंज, आणि छेडायला उजव्या हाताची एकटी तर्जनी. स्पंज स्वराची आस तोडतो, जुन्या तारेला झणकार उरत नाही. म्हणून इतके भरगच्च वाजवूनही गायकाचा शब्द झाकला जात नाही. तीच सुरावट नव्या राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या, झणकारणाऱ्या) तारांवर वाजवून पाहा, सूर एकमेकांवर चढतात. आपल्या पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक किती लावायची, ती एसीत सुकून आवाज चढला की कधी ओली करायची, हे जाणणाऱ्याला यातली मेख सांगावी लागणार नाही.

मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीत चित्र थोडे बरे होते. तिथला संच 'बुकर टी अँड द एमजीज' या स्वतःच्या नावाने १९६२ पासून तबकड्या काढत होता, आणि गिटारवादक स्टीव्ह क्रॉपरचे नाव गीतकार म्हणूनही लागे. मोटाउनच्या काही गाण्यांत बास कोणाचा, जेमरसनचा की लॉस एंजेलिसच्या बासवादक कॅरल केचा, यावर मात्र पुढे वर्षानुवर्षे वाद झाले.

आता आपल्याकडे पाहा. डबलबारीच्या (दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या) बॅनरवर बुवांच्या जोडीने पखवाजवादकाचे नाव असते. त्याच भजनाचे रेकॉर्डिंग यूट्यूबवर चढले की बुवा, गीतकार आणि 'सौजन्य' एवढेच उरते. कारण साधे आहे. अपलोड करणारा वेगळा असतो आणि त्याच्या हाती 'फायनल २' नावाची फाइल तेवढी येते.

उपाय एका कागदाचा. गाणे, तारीख, वाद्य, वादकाचे पूर्ण नाव, मानधन, सही. झांज किंवा कोरस आठवड्याने वेगळा घेतला तर त्याच कागदावर नवी ओळ. बहुतेक नावे गळतात ती इथेच. पखवाजाचे एक आवर्तन कापून दुसऱ्या गाण्यात लूप म्हणून, म्हणजे तेच पुन्हापुन्हा फिरवून, वापरले तर तेही लिहावे, आणि आधी वादकाला विचारावे. कागदाचा फोटो फाइलसोबतच पाठवावा. ही मेहेरबानीही नव्हे: कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीने कलम ३८-ब आणले, त्यानुसार आपल्या सादरीकरणाशी नाव जोडले जावे असा दावा वादकही करू शकतो.

कोकणातल्या नव्या गाण्यांची ओळख आपल्या पुरवणीत येते, तिथेही गायकाखाली वादकांची एक ओळ छापावी. निर्मात्याने नावे दिली नाहीत तर ती मागून घ्यावीत.

– एक ध्वनिमुद्रक, कुडाळ (सिंधुदुर्ग)