स्वहिस्सा किती, हे ठरावाआधी कळू द्या : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : केंद्राच्या निधीतून होणाऱ्या पाणी व मलनिःसारण योजनांतील नगरपालिकांचा स्वहिस्सा, म्हणजे खर्चापैकी पालिकेने स्वतः भरायची रक्कम.

महोदय,

सविनय नमस्कार. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे एका नगरपरिषदेच्या लेखा विभागात गेली. योजना मंजूर झाल्याचे फलक लागत, पेढे वाटले जात आणि दुसऱ्या दिवशी मुख्याधिकारी आमच्या टेबलाशी येऊन हळूच विचारत, “आपला हिस्सा कुठून घालायचा?” हा प्रश्न मंजुरीच्या आधी नीट विचारला जात नाही, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

केंद्राचा वाटा कसा घटत आला ते प्रथम पाहावे. २००५ साली सुरू झालेल्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाच्या काळात लहान व मध्यम शहरांसाठीच्या योजनेत केंद्राचे ८० टक्के, राज्याचे १० टक्के आणि पालिकेचे १० टक्के अशी वाटणी होती. शहरांच्या पाणी व मलनिःसारणासाठीच्या केंद्राच्या २०१५ च्या अमृत अभियानात दहा लाखांपर्यंतच्या शहरांसाठी केंद्राचा वाटा निम्म्यावर आला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या अमृत २.० मध्ये एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांना निम्मा, एक ते दहा लाखांच्या शहरांना एकतृतीयांश आणि त्याहून मोठ्या शहरांना चौथा हिस्सा मिळतो. म्हणजे सव्वा लाख वस्तीच्या एखाद्या शहराने वीस वर्षांत केंद्राचा वाटा ८० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आलेला पाहिला. त्यातही ९९ हजारांच्या गावाला निम्मा आणि एक लाख दोन हजारांच्या गावाला तिसरा हिस्सा, या रेषेमागचा तर्क मला अजून उमगलेला नाही. उरलेल्या रकमेत राज्याने किती उचलायचे आणि पालिकेवर किती टाकायचे, हे मात्र आपल्या विभागाच्या शासन निर्णयाने ठरते. म्हणून हे पत्र दिल्लीला न पाठवता आपल्याला पाठवत आहे.

जुन्या कागदांत या रकमेला ‘लोकवर्गणी’ म्हणत. खेड्यात विहिरीसाठी घरटी पैसे गोळा होत, तिथे तो शब्द शोभत होता. पालिकेत कोणी वर्गणी देत नाही. हिस्सा जातो तो घरपट्टी आणि पाणीपट्टीतून, आणि त्या वसुलीतून दिवाबत्ती, सफाई व निवृत्तिवेतन भागवून फारसे काही उरत नाही. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. तेव्हापासून त्यांची मिळकत शासनाच्या सहायक अनुदानाच्या तारखेवर टांगलेली आहे.

खरी अडचण टक्क्यांपेक्षाही ते कशावर मोजले जातात यात आहे. केंद्राचा वाटा मंजूर किमतीवर मोजला जातो; त्यापुढची भाववाढ केंद्र उचलत नाही आणि जागेच्या खरेदीलाही पैसे देत नाही. समजा, १०० कोटींच्या योजनेत पालिकेचा हिस्सा १० टक्के, म्हणजे १० कोटी आहे. निविदा चढ्या दराने गेली, रस्ते फोडण्याची परवानगी लांबली, जागेचा वाद निघाला आणि काम १२० कोटींवर गेले. वरचे २० कोटी पालिकेच्याच गळ्यात पडले, तर १० कोटींचे ३० कोटी होतात. कागदावरचे १० टक्के प्रत्यक्षात २५ टक्के होतात. सर्वसाधारण सभेने ठराव मात्र १० टक्क्यांचा केलेला असतो.

मोठ्या शहराचे उदाहरण सर्वांसमोर आहे. छत्रपती संभाजीनगरची जायकवाडीवरून पाणी आणणारी योजना २०१९ मध्ये १,६८० कोटींची होती, अमृत २.० मध्ये आल्यावर तिची सुधारित किंमत २,७४० कोटींवर गेली आणि महापालिकेच्या ३० टक्के हिश्श्याची रक्कम ८२२ कोटी झाली. मूळ योजनेच्या जवळपास निम्मी रक्कम एकट्या महापालिकेकडे आली. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हुडको या केंद्र सरकारच्या वित्तसंस्थेकडून २,००० कोटींच्या कर्जाला मान्यता दिली, त्यात या ८२२ कोटींची सोय झाली. सोय झाली हे बरेच झाले. परंतु कर्ज काढून भरलेला हिस्सा पुढे पाणीपट्टीतूनच फेडावा लागणार, हे नागरिकांना योजना मंजूर होतानाच सांगायला हवे होते. आणि महापालिकेसाठी मंत्रिमंडळ बसते, तीस हजार वस्तीच्या ‘क’ वर्ग नगरपरिषदेसाठी कोण बसणार?

हिस्सा थकला की काय होते, तेही नमूद करतो. केंद्राचा निधी २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांत येतो आणि पुढचा हप्ता मागताना आधीच्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. पालिकेची रक्कम वेळेवर आली नाही की ते प्रमाणपत्र अडते, कंत्राटदाराची देयके अडतात, काम थांबते, काम थांबल्याने किंमत वाढते आणि ती वाढ पुन्हा त्याच पालिकेच्या माथी येते. अर्धवट खोदलेल्या रस्त्यांबद्दल शिव्या खायला मात्र नगराध्यक्ष असतात. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर निवडून आलेल्या अनेक नगराध्यक्षांच्या हाती प्रशासकांच्या काळात घेतलेली अशी बांधिलकी आली आहे, आणि आपण नेमके किती देणे लागतो हे त्यांतल्या काहींना अजून माहीतही नसेल.

म्हणून माझी मागणी अशी आहे. प्रशासकीय मान्यतेच्या आदेशासोबत एक पानी हिस्सापत्रक जोडावे. त्यात केंद्र, राज्य आणि पालिका यांचे रुपये, ते कोणत्या लेखाशीर्षातून व कोणत्या तिमाहीत यायचे, आणि पालिकेच्या मागील तीन वर्षांच्या प्रत्यक्ष वसुलीशी त्या रकमेचे प्रमाण किती, हे लिहिलेले असावे. ते ठरावाआधी सभागृहात वाचून दाखवावे आणि पालिकेच्या फलकावर लावावे. जी भाववाढ पालिकेच्या चुकीमुळे झालेली नाही, ती राज्याने आपल्या मूळ टक्केवारीनुसार वाटून घ्यावी. तसेच वित्त आयोगाच्या अनुदानातला पाणी आणि स्वच्छतेसाठी राखलेला बंधित भाग, जो पंधराव्या आयोगात ६० टक्के होता, तो स्वहिस्सा म्हणून किती मर्यादेपर्यंत वापरता येईल, याचा एकच स्पष्ट आदेश सर्व नगरपालिकांना द्यावा. नोकरीत असताना याच प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे मला तीन वेगवेगळ्या कार्यालयांतून मिळाली होती आणि त्यांपैकी एकही लेखी नव्हते.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त लेखापाल