बाबांची गोळी आणि आईचं भजन

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा "हं, बरंय" म्हणून फोन आईकडे देतात, आणि बाबा शेजारीच असतात म्हणून आई काही बोलत नाही. म्हणून हे पत्र. दोघांनी मिळून वाचा.

बाबा, आधी तुमची माफी मागायची आहे. गणपतीत मी सगळ्यांसमोर म्हणाले, "घर आहे, मुलं मार्गी लागलीत, तुम्हाला काय कमी आहे?" तुम्ही बोलला नाहीत. चहावर साय धरली होती, ती बोटाने बाजूला केलीत आणि कप तसाच खाली ठेवलात. तो कप माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. दुखणाऱ्या माणसाकडून मी हिशेब मागत होते. चुकलं माझं.

खरं तर वर्षभर आधीच कळायला हवं होतं. पहाटे तीनला उठून बसायचात, पोट गच्च वाटतं म्हणायचात, वजन उतरत होतं. आपण पित्ताची औषधं केली, सोनोग्राफी केली, साखर, थायरॉइड, बी१२ तपासलं. रिपोर्ट चांगला आला की आम्ही खूश, आणि तुमचा चेहरा आणखी उतरलेला. उतारवयातलं डिप्रेशन असंच येतं. माणूस 'मला उदास वाटतं' म्हणेलच असं नाही. पोट, कंबर, झोप यांच्या तक्रारी सांगतो, विसरायला लागतो, आणि घरचे म्हणतात, वय झालं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं काढलीत, इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगायचात. ते तुम्ही भिंतीवरचं बंद घड्याळ तीन महिने खाली उतरवलं नाहीत, आणि आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता डॉक्टरांनी दिलेल्या डिप्रेशनच्या गोळीचं. बाराव्या दिवशी बंद केलीत, कारण गुण येईना, आणि शेजारचे काका म्हणाले सवय लागते. बाबा, या गोळीचं, म्हणजे एस्सिटालोप्रामचं, व्यसन लागत नाही. सवय लागते ती काही झोपेच्या गोळ्यांची, त्या वेगळ्या. हिचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थपणा मात्र पहिल्याच आठवड्यात होतो. त्रास आधी, गुण नंतर, म्हणून माणसं मध्येच सोडून देतात. आता पुन्हा सुरू केलीत ती सोडू नका. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने घ्यायची असते, आणि थांबवायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू. या वयात हिच्यामुळे रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं, म्हणून ती तपासणी सांगितली आहे. दादा नेईल.

त्या रात्री तुम्ही म्हणालात, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास." मी सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" आई दचकली, असं कशाला विचारतेस म्हणाली. आई, विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. असला तर बाहेर येतो. बाबा किती वेळ गप्प होते, मग "कधी कधी वाटतं" म्हणाले आणि माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तसा घट्ट. म्हणूनच दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना नीट सांगता आलं. बाबा, पुन्हा तसं वाटलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मला उठवा. गोळ्या आईच्या कपाटात ठेवायला सांगितल्या त्या अविश्वासाने नाही, काळजीने.

आई, "मन रमवा, हिंमत धरा" हे आता नको. मन रमत नाही हाच तर आजार आहे. "फिरून या" असंही सांगू नकोस. चप्पल घालून दारात उभी राहा आणि म्हण, "चला, कोपऱ्यावरून कोथिंबीर आणू." कोपऱ्यापर्यंतच. प्रीतिसंगमावर नंतर जाऊ. उत्साह यायची वाट बघत बसलं तर तो येत नाही, थोडं हातपाय हलले की मागून येतो. आणि नाही आले त्या दिवशी रागावू नकोस.

तुझंही सांगायचं आहे. मंगळवारचं भजन चार महिने सोडलंयस, आणि बायकांना सांगतेस, "ह्यांना पित्ताचा त्रास आहे." निदान एकीला तरी खरं सांग. इतकं ओझं एकटीने लपवून नेऊ नकोस. दर मंगळवारी दादा साताऱ्याहून येऊन बाबांजवळ बसणार आहे, तू भजनाला जा. आणि १४४१६ हा नंबर फ्रिजवर चिकटव. सरकारचं टेलिमानस आहे, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालतं, मराठीत बोलता येतं. सांभाळणाऱ्या माणसालाही तिथे बोलता येतं, नुसतं रडायला आलं तरी फोन कर.

शनिवारी रात्रीच्या गाडीने कराडला पोचते. येताना आमचा मिक्सर आणतेय, सुरू केला की खडखडतो. बाबा, हाताशी ठेवते. वाटलं तर बघा, नाही वाटलं तर राहू दे तसाच.

तुमची,
सुमी