लाइन डायरेक्ट करून न देणाऱ्या वायरमनदादांना

प्रिय वायरमनदादा,

"कुठे माझं नाव-बिव टाकू नका" असं तुम्ही आधीच बजावलंत, म्हणून टाकत नाही. रत्नागिरीकडच्या आमच्या वाडीत वायरमन म्हटलं की तुम्हीच, त्यामुळे ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

सुरुवात माफीनं करतो. गेल्या वर्षी हरतालिकेच्या रात्री पडवीत उभा राहून मी तुम्हाला म्हणालो होतो, "एवढं साधं काम जमत नसेल तर राहू द्या." बाहेर धो धो पाऊस. घरात वीस माणसं, सकाळी गणपती पाटावर यायचा, मखराच्या माळा लावून तयार, आणि दर थोड्या वेळानं अख्खं घर काळोखात. मला एकच हवं होतं: डीबीतला, म्हणजे घराच्या मुख्य खटक्यांच्या पेटीतला, तो सारखा पडणारा खटका काढा आणि लाइन डायरेक्ट करून द्या, निदान दीड दिवसापुरती. तुम्ही तोंडात टॉर्च धरून स्क्रू फिरवत होतात. टॉर्च काढलात आणि म्हणालात, "डायरेक्ट करायचं असेल तर दुसऱ्या कुणाला बोलवा. मी नाही करणार." टॉर्च परत तोंडात.

त्या नकाराबद्दल हे पत्र आहे. पण ते आधीच्या मे महिन्यापासूनच सांगायला हवं.

मे महिन्यात तुम्ही फक्त पंख्याचा रेग्युलेटर बदलायला आला होतात. आई चहा देता देता बोलून गेली, "ते कपड्यांचं मशीन चावतं हो मला." हे वाक्य आम्ही भावंडं तीन वर्षं ऐकत होतो. त्यावर आमचा इलाज म्हणजे आईला रबरी चपला आणून दिल्या, आणि वर "ओल्या हातानं हात लावू नकोस" हा सल्ला. कपडे धुण्याचं मशीन कोरड्या हातानं कसं चालवायचं ते काही कुणी सांगितलं नाही.

तुम्ही चहा अर्धा ठेवून न्हाणीघराकडे गेलात. मशीनच्या पत्र्याला टेस्टर लावलात, तो पेटला. सॉकेट उघडलात तर हिरवी वायर आत दुमडून कोंबलेली, कशालाच न जोडलेली. प्लगची वरची जाड, लांब पिन अर्थची असते, ती लांब यासाठी की प्लग घालताना आधी टेकावी आणि काढताना शेवटी सुटावी, हे मला पन्नाशीत तुमच्याकडून कळलं. आमच्याकडे ती पिन तीन वर्षं नुसती भोकात बसून होती. मशीन बिघडलेलं नव्हतंच, म्हणालात. त्याच्या आतल्या फिल्टरमधून थोडासा करंट पत्र्यावर यायचाच. अर्थ असेल तर जमिनीत जातो. "नसेल तर काकूंमधून."

वायर जोडून दहा मिनिटांत मोकळं होता आलं असतं तुम्हाला. तुम्ही दुसऱ्या दिवशी कुणाकडून तरी अर्थ टेस्टर मागून आणलात आणि अंगणात दोन खुंट्या ठोकायला लागलात. आमचं घर कातळाच्या कडेला. चार बोटं माती, खाली जांभा. मे महिन्यात तर तो भाजलेल्या विटेसारखा. अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स निघाला 40 ओहम. मला वाटलं, ठीक असेल. मग तुम्ही माझ्याच वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलंत, ते पान मी अजून जपून ठेवलंय. गीझरच्या आत फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, सुटून पत्र्याला लागली, तर 230 व्होल्ट भागिले 40 ओहम, म्हणजे पावणेसहा अँपिअर करंट जमिनीत जाणार. आणि गीझरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा खटका, किती अँपिअरचा? 16. "त्याला वाटेल कुणीतरी इस्त्री लावली. तो कशाला पडेल?" एमसीबी गप्प, गीझरचा पत्रा जिवंत, आणि आपण समजतोय की अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आता कसली भीती.

मी विज्ञान शाखेचा पदवीधर आहे, दादा. ओहमचा नियम परीक्षेत लिहून गुण मिळवलेला माणूस. तो नियम आमच्याच न्हाणीघरात लावून बघायचं कधी सुचलं नाही.

मग तुम्ही आरसीसीबी बसवायचं काढलंत. आमच्याकडे अजून सगळे त्याला ईएलसीबीच म्हणतात, दुकानदारही. तो काय करतो हे तुम्ही आईला जसं सांगितलंत तसंच मी हल्ली सगळ्यांना सांगतो: घरात जेवढा करंट फेजनं गेला तेवढाच न्यूट्रलनं परत आला पाहिजे. दोन्ही वायरी एका लोखंडी कड्यातून जातात, हिशोब जुळला की कडं शांत. हिशोबात 30 मिलीअँपिअरची तूट आली, म्हणजे कुठेतरी करंट वाट सोडून जमिनीत चाललाय, मग तो ओल्या भिंतीतून असो नाहीतर माणसातून, की खटका पडलाच. 30 मिली म्हणजे 16 अँपिअरचा पाचशेवा भागसुद्धा नाही. आणि वेळ जास्तीत जास्त 0.3 सेकंद, गळती पाचपट असेल तर 0.04. आई म्हणाली, "म्हणजे आमच्या शेठजींसारखा आहे, पै इकडची तिकडे झाली की दुकान बंद." तुम्ही हसलात. आमच्या कातळाचंही त्याला काही वाटत नाही. खड्डा 40 ओहमचा असो की 400 चा, पडायला त्याला 30 मिलीच पुरतात.

त्यात मी शहाणपणा केला. मुंबईहून येताना स्वतःच आरसीसीबी घेऊन आलो, स्वस्तात मिळाला म्हणून खूश होतो. तुम्ही खोका फिरवून बघितलात आणि परत माझ्या हातात दिलात. त्यावर 100 मिलीअँपिअर लिहिलेलं होतं. "हा भिंतीत आग लागू देणार नाही. माणसासाठी 30 चाच लागतो." तोच खोका बसवून मजुरी घेऊन गेला असतात तर मला जन्मात कळलं नसतं. मी तेव्हा 30 मिलीच्या किमतीवरूनही तुमच्याशी घासाघीस केली, हे इथे कबूल करून टाकतो.

आता हरतालिकेची रात्र. दोष कुणाचा निघाला ते तुम्ही वीस माणसांसमोर सांगितलं नाहीत, मला बाजूला घेऊन सांगितलंत. म्हणून आता मी सांगतो. अंगणातल्या हॅलोजनची जोडणी मी केली होती, दोन वर्षांपूर्वी, यूट्यूब बघून. फेज घेतली पडवीच्या बटणातून आणि न्यूट्रल जवळ पडला म्हणून मीटरकडून आलेल्या वायरीतून, आरसीसीबीच्या अलीकडचा. म्हणजे हॅलोजनचा दोन-सव्वादोन अँपिअर करंट कड्यातून बाहेर जायचा आणि भलत्याच वाटेनं परत यायचा. खटका बिचारा पडेल नाही तर काय करेल? आणि शिव्या त्याला.

ते सरळ केल्यावरही अर्ध्या तासानं परत काळोख. मी लगेच म्हटलं, बघा, तुमचं यंत्रच खराब आहे. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. सगळे एमसीबी पाडलेत आणि लिंकमधून, म्हणजे सगळे न्यूट्रल जोडलेल्या पट्टीतून, एकेक न्यूट्रल सोडवत बसलात. एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो, म्हणून नुसते खटके वर-खाली करून हा दोष सापडत नाही, हे तुम्ही माझ्या भाच्याला समजावत होतात. तो आता आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला गेलाय, त्याचं श्रेय तुमचंच. शेवटी मेगर, म्हणजे वायर कुठे गळतेय ते मोजणारं यंत्र, लावून सापडलं: मंडपाच्या माळेचा जोड, वर नुसती चिकटपट्टी, आणि पन्हळीतून गळणारं पाणी बरोबर त्यावर. खाली लोखंडी खांब. त्याच खांबाला धरून संध्याकाळभर पोरं गोल गोल फिरत होती.

तेव्हाही मी गप्प बसलो, थँक्यूसुद्धा म्हणालो नाही. तुम्ही माळ कापून गुंडाळून ठेवलीत, "बाप्पाला समई आहे ना" म्हणालात आणि रात्री साडेबाराला पावसात बाइक काढलीत. तुमच्या घरीही दुसऱ्या दिवशी गणपती यायचा होता, हे आईनं नंतर सांगितलं. पैसे घेतले नाहीत. मोदक तेवढे घेतलेत, तेही घरच्यांसाठी.

त्यानंतर मी थोडं वाचलं. माझी बहीण न्यू जर्सीला असते, तिच्या बाथरूममधल्या सॉकेटवर दोन छोटी बटणं आहेत. मला इतकी वर्षं ते हेअर ड्रायरचं काहीतरी वाटायचं. तो तुमच्या आरसीसीबीचाच चुलतभाऊ निघाला, सॉकेटमध्येच बसवलेला आणि 5 मिलीवरच पडणारा. चार्ल्स डॅलझील नावाच्या बर्कलीच्या प्राध्यापकानं तो 1961 मध्ये शोधला. किती करंटपर्यंत माणूस हातातली तार स्वतःहून सोडू शकतो, हे त्यानं स्वयंसेवकांवर मोजलं होतं. पुरुषांची सरासरी 16 मिली, बायकांची साडेदहाच्या आसपास. त्याच्यापुढे स्नायू आखडतात, मूठ उघडत नाही. अमेरिकेच्या वायरिंगच्या नियमांत बाथरूमच्या सॉकेटला हे संरक्षण 1975 पासून आहे. आपल्याकडेही केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत अर्थ लीकेजच्या उपकरणाची तरतूद आहे, पण नियम वाचून कुणी आमच्या वाडीत आलं नव्हतं. तुम्ही आलात, तेही पंख्याच्या रेग्युलेटरसाठी.

डिसेंबरातली गोष्ट तुम्हाला अर्धीच माहीत आहे. सकाळी सहाला आईचा फोन, "गीझरचं बटण दाबलं की तो खटका पडतोय." मी डोंबिवलीत, अर्धवट झोपेत. पूर्वीचा मी असतो तर सांगितलं असतं, परत वर करून बघ. तुमची टॉर्चवाली मुद्रा डोळ्यांसमोर आली आणि म्हटलं, गीझरचा एमसीबी पाड, बंबात पाणी तापव, दादांना बोलव. तुम्ही एलिमेंट काढून आईला दाखवलंत. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर, त्याखाली तडा, आतली पावडर ओली झालेली. आईनं त्या दिवशी बंबाच्या पाण्यानं आंघोळ केली, पूजा केली, पोहे केले आणि मला दुपारी फोनवर शेजारच्या लग्नाबद्दल सांगत बसली. गीझरचा विषयसुद्धा शेवटी निघाला, तोही नवीन एलिमेंटची किंमत सांगायला.

तुम्ही आणखी एक सांगितलं होतं तेही मी विसरलेलो नाही: एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर हिशोब जुळतो आणि हा खटका पडत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर बोर्डात हात घालायचा नाही. हॅलोजनच्या बाबतीत मी आता अंगणातला दिवासुद्धा बदलायला कुणाला तरी बोलावतो.

आरसीसीबीवरचं टी लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबा, असं तुम्ही आईला बजावलं होतं. तारीख तिच्या लक्षात राहत नाही, म्हणून तिनं संकष्टी धरलीय. चंद्रोदयाची वेळ बघायला कॅलेंडर काढते, तेव्हाच स्टुलावर न चढता काठीनं बटण दाबते (काठी लाकडाचीच आहे, मी विचारलं). घरातले दिवे जातात, ती "पडला गो बाय" म्हणते, परत वर करते आणि मला फोन लावते.

विहिरीवरच्या पंपाची लाइन अजून जुन्याच फ्यूजवर आहे, तुम्ही दोनदा आठवण केलीत. मी मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय. सामान तुम्हीच आणा, मी मुंबईहून काही आणणार नाही, आणि या वेळी सांगाल तेवढे पैसे घ्यायचे.

तुमचा,
कातळावरच्या घरातला मोठा मुलगा