सिस्टर, त्या पाच मिनिटांसाठी

आदरणीय सिस्टर,

वॉर्डात कुणाची बोन मॅरो, म्हणजे कमरेच्या हाडातला मगज सुईनं काढून तपासणं, असली की ट्रॉली लागण्याआधी तुम्ही त्या पेशंटच्या खाटेशी स्टूल ओढून बसता. त्या बसण्याबद्दल आणि नंतर घड्याळ बघत आम्हाला थांबवून धरता त्याबद्दल मनापासून आभार.

खेड्यातून आलेल्या माणसाला बहुतेक वेळा सुईची भीती नसतेच. ‘पाठीत सुई टोचली की पाय लुळे पडतात’ हे त्यानं गावात ऐकलेलं असतं. “पाय तं जात नाही ना जी?” हे तो डॉक्टरला विचारत नाही, तुम्हाला विचारतो. तुम्ही त्याचाच हात कमरेमागच्या हाडाच्या उंचवट्यावर नेऊन ठेवता. मणका कुठे आणि ही जागा कुठे, हे त्याच्या बोटांनाच कळतं. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी बोटातल्या थेंबावर झाली, मग आता हाडात कशाला? यालाही तुमच्याकडे सरळ उत्तर असतं: रक्त हाडाच्या आत तयार होतं, ते कमी का पडलं हे तिथेच दिसतं. काढलेला मगज थोडासाच असतो आणि तो भरून येतो.

भूल देण्यातली चूक कुठे होते, हे तुमच्यामुळे नव्या डॉक्टरांच्या लक्षात राहतं. 2 टक्के लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध आधी बारीक सुईनं कातडीत, मग लांब सुईनं थेट हाडापर्यंत. घाईत अर्धंअधिक औषध मांसातच संपतं आणि हाडावरचं आवरण तसंच राहतं. खरी कळ त्या आवरणाची. म्हणून सुई हाडाला टेकल्यावर रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत चार-पाच ठिकाणी थोडं थोडं सोडायचं. 10 मिलीत 200 मिलिग्रॅम औषध असतं आणि किलोमागे 4.5 मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. 38 किलोच्या बाईला 8 मिली पुरे. तुम्ही न विचारता वजन सांगता, ते याचसाठी. औषध आम्लधर्मी असल्यामुळे आत जाताना जळजळतं. ऐनवेळी 10 मिलीला 1 मिली सोडा बायकार्बोनेट मिसळून हळूहळू दिलं की ती जळजळ कमी होते. मिश्रण गढूळ झालं तर टाकून द्यायचं.

आणि मग पाच मिनिटं. बाहेर ओपीडीची रांग असते, हात हाडात घालायच्या जाड जमशिदी सुईकडे जातो आणि तुम्ही म्हणता, “अजून दोन मिनिटं, सर.” औषध नसेत मुरायला तेवढा वेळ लागतोच. त्यानंतर सुईच्या टोकानं हाड चाचपून “टोचतंय की नुसतं दाबतंय?” हे विचारायचं. टोचतंय म्हणाला, तर हद्दीत राहून आणखी थोडं औषध द्यायचं.

मगज ओढतानाची कळ मात्र या भुलीनं जात नाही, कारण ती हाडाच्या आतली असते. ‘काहीच दुखणार नाही’ असं सांगितलेला माणूस त्या क्षणी दचकतो, हलतो आणि पुढच्या बायोप्सीला, म्हणजे हाडाचा बारीक तुकडा काढताना, अंग आखडून घेतो. तुम्ही आधीच सांगता: “आता मांडीपर्यंत कळ जाईल, माझ्यासंगं पाच मोजा.” स्लाइडसाठी पहिलं अर्धा मिलीच कामाचं, पुढे नुसतं रक्त मिसळत जातं. त्यामुळे खरंच पाचात उरकता येतं.

फारच घाबरलेल्याला गुंगीसाठी तासभर आधी लोराझेपाम 1 मिलिग्रॅम, किंवा शिरेतून मिडाझोलाम 1 मिलिग्रॅम सावकाश. म्हाताऱ्यांना त्याहून कमी. बोटाला ऑक्सिमीटर, जवळ ऑक्सिजन आणि गुंगी उतरवणारं फ्लुमाझेनिल. सोबत कोणी नाही, एकटाच मोटारसायकलवर आलाय, हे तुम्ही आधी विचारून घेता आणि अशाला गुंगीचं औषध देऊ देत नाही. हे आमच्या नजरेतून सुटलं असतं.

तुमची हातानं लिहिलेली चिठ्ठी आम्ही छापून घेतोय: पंधरा मिनिटं पट्टीवर उताणं पडायचं, 24 तास जागा ओली करायची नाही, दोन दिवस वखर नाही, कापसाचं गाठोडं उचलायचं नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल. प्लेटलेट कमी असताना गावात दुखण्याचं इंजेक्शन घ्यायचं नाही, त्यानं रक्त थांबत नाही. पट्टी भिजली किंवा ताप आला तर लगेच परत यायचं. फक्त ‘निंदण’ राहिलंय, बायकांसाठी ते घालू का, तेवढं सांगा.

आपले,
वॉर्डातले डॉक्टर आणि पॅथॉलॉजीचे टेक्निशियन