जुन्या चर्चच्या श्रमदानात सिमेंट नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खेड्यांतली जुनी चर्चे आणि त्यांच्या दफनभूमी श्रमदानाने सावरल्या जात असल्याची छायाचित्रे अधूनमधून छापून येतात. उत्साह कौतुकाचाच आहे. पण त्यात तारेचा ब्रश आणि सिमेंटची गोणी दिसली की धास्ती वाटते.

चुन्यात बांधलेली दगडी भिंत ओल शोषते आणि सांध्यांवाटे बाहेर टाकते. दरजा, म्हणजे दगडांमधले हे सांधे, सिमेंटने भरल्या की ही वाट बंद होते. मग ओल दगडातून बाहेर पडते, सोबतच्या क्षारांचे पृष्ठभागात स्फटिक होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सिमेंट शाबूत, दगड खलास! दरजा भरायच्याच असतील तर सैल झालेला चुना हातछिन्नीने, सांध्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंत काढावा. ग्राइंडर दगडाच्या कडा खातो. सांधा भिजवून एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली भरड वाळू असा माल दाबून भरावा आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाने झाकावा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश कठीण होतो. उन्हात घाईने सुकला तर बोटाने खरवडला तरी भुगा पडतो.

अर्थात पन्हळी तुंबलेल्या असतील तर हे सारे फुकट. ओल्या भिंतीचे मूळ बहुतेकदा छतावर असते. भर पावसात इमारतीभोवती एक फेरी मारावी, पाणी कुठून ओघळते ते तेव्हाच दिसते.

थडग्यांच्या दगडांना हात लावण्याआधी दफनभूमीचा नकाशा, प्रत्येक दगडाला क्रमांक आणि छायाचित्र हवे. झिजलेली अक्षरे बाजूने आरशाचा तिरपा उजेड टाकला की उठून दिसतात. त्यावर खडू किंवा पीठ चोळू नये. पुसट नावे अंदाजाने पुन्हा रंगवणे तर सर्वांत वाईट. जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असे वास्तुजतनाची १९६४ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद सांगते.

दगड धुणे बहुधा गरजेचे नसतेच. धुवायचाच तर साधे पाणी आणि मऊ ब्रश. आम्ल संगमरवर विरघळवते, ब्लीच मागे क्षार ठेवते. टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला तर त्या दगडाला पाणीही लावू नये. दगडावर वाढलेले दगडफूल खरवडू नये, त्याच्यासोबत कोरीव अक्षरांचा पृष्ठभागही निघून येतो. गवत कापताना दगडाच्या बुंध्याशी वीतभर पट्टा विळ्यानेच कापावा, कारण ब्रशकटरच्या दोरीचे घाव कायमचे राहतात.

कललेला दगड हाताने ओढू नये. दीड मीटर उंच, साठ सेंटिमीटर रुंद, दहा सेंटिमीटर जाड दगडाचे वजन दोनशे किलोंच्या वर जाते. तिकाटणे (वजन उचलायची तिपाई) आणि जाणकार माणूस नसेल तर भोवती दोरी बांधून थांबावे. पुन्हा उभा करताना तळाशी खडी ठोकून बसवावी. काँक्रीटमध्ये घट्ट रोवलेला दगड धक्का बसला की जमिनीलगत मोडतो.

भिंतीलगत चढलेली माती काढताना किंवा चर खणताना अर्ध्या मीटरवरही अस्थी लागू शकतात. लागल्या तर खोदकाम तिथेच थांबवून चर्चच्या विश्वस्तांना आणि संबंधित अधिकाऱ्यांना कळवावे. अस्थी गोळा करून दुसरीकडे पुरू नयेत.

आपले,
जुन्या वास्तूंची देखभाल करणारे काही स्वयंसेवक